रॉड की गिझर? आंघोळीच्या पाण्यावर खरंच किती वीज जाते

अकोले तालुक्यातलं राजूर सह्याद्रीच्या कुशीत, भंडारदरा धरणाजवळ आहे. थंडीत इथे गरम पाण्याशिवाय आंघोळ अवघडच. मग प्रश्न येतो, बिल कशाने कमी येईल? रॉड गिझरपेक्षा कमी वीज खातो, असा अनेकांचा समज आहे. तो अर्धवट आहे.

1 युनिट विजेत साधारण 860 लिटर पाणी 1 अंशाने तापतं. हिशोब इथूनच सुरू होतो. समजा पाणी 15 अंशांवर आहे आणि आंघोळीला 40 अंश हवं. 20 लिटरच्या बादलीला सुमारे 0.58 युनिट लागतं, मग रॉड वापरा किंवा गिझर. घरात चार माणसं, रोज एकेक बादली, म्हणजे महिन्याला जवळपास 70 युनिट! महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटनंतर पुढच्या युनिटचा दर वाढतो. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज उरलेल्या 30 मध्ये बसणं कठीणच.

मग फरक कुठे पडतो? गिझर चालू ठेवला की टाकीतली उष्णता बाहेर जात राहते आणि तो पुन्हा पुन्हा तापतो. आंघोळीआधी लावून नंतर बंद केला की हा तोटा वाचतो. 2 किलोवॅटचा गिझर 15 लिटर पाणी 15 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 25 मिनिटं घेतो. त्यात थंड पाणी मिसळलं की 40 अंशांचं जवळपास 27 लिटर होतं. घरातल्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकल्या तर टाकी थंड व्हायला वेळच मिळत नाही. रॉडमध्ये साठवणुकीचा तोटा नाही, पण बादली तापून गेल्यावरही तो चालू राहिला तर बचत संपली. शिवाय शॉकचा धोका आहेच. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, आणि धातूची बादली तर नकोच.

जुना तांब्याचा बंब इथे हुशार ठरतो. चुलीवरच्या हंड्याला आच मुख्यतः बुडाकडून लागते. बंबात मधल्या नळीभोवती पाणी असल्याने वर जाणारी उष्णताही कामी येते, त्यामुळे सरपण कमी लागतं. धूर मात्र होतोच, म्हणून बंब उघड्यावरच बरा.

छतावरचा सोलर हीटर थंडीच्या निरभ्र दिवसांत छान चालतो. अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात मात्र पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, तेव्हा रॉड किंवा बंब हाताशी ठेवावाच लागतो.