ठसा, शिळा आणि खिळा : मुद्रणकलेच्या इतिहासाविषयी एका पाली अभ्यासकाचे चिंतन

‘मुद्रण’ हा शब्द आज छापखान्याशी जोडला गेला आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेली ‘मुद्रा’ पुष्कळ जुनी आहे. विनयपिटकाच्या पाचित्तिय विभागात ओमसवाद शिक्षापदाचे विवरण करताना शिल्पांचे दोन वर्ग दिले आहेत. वेळूकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम आणि न्हाव्याचे काम ही लोकांनी हीन मानलेली शिल्पे. मुद्दा, गणना आणि लेखा ही उत्कृष्ट मानलेली शिल्पे. येथील ‘मुद्दा’ म्हणजे हाताच्या बोटांवर करावयाची गणती, असे अट्ठकथा सांगते. म्हणून या शब्दात छपाईचा उगम शोधणे शास्त्रशुद्ध होणार नाही. मात्र त्या शिक्षापदाचा आशय आपल्या विषयाला अत्यंत जवळचा आहे. एखाद्याला त्याच्या जातीवरून, कामावरून वा शिल्पावरून टोचून बोलणारा भिक्खू दोषी ठरतो. हाताच्या कामावरून माणसाची किंमत ठरविणे संघाला मान्य नव्हते. मुद्रणकलेचा इतिहास हा अशाच हातांचा इतिहास असल्याने त्याचा विचार या शिक्षापदापासून सुरू करणे उचित होय.

कोरलेल्या ठशावरून एकाच मजकुराच्या अनेक प्रती काढण्याची कल्पना प्राचीन भारताला अपरिचित नव्हती. आपल्या वैनगंगा खोऱ्याच्या परिसरात, नागपूर जिल्ह्यातील अडम येथे, अस्सक जनपदाचे नाव असलेली मृण्मुद्रा उत्खननात मिळाली. नालंदा येथे मातीच्या असंख्य मुद्रा सापडल्या असून त्यांपैकी अनेकींवर अस्सजि थेरांनी सारिपुत्तांना सांगितलेली प्रतीत्यसमुत्पादाची गाथा उमटविलेली आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात राहिलेला चिनी भिक्खू इत्सिंग याने तर येथील भिक्खू व उपासक रेशमावर किंवा कागदावर बुद्धप्रतिमेचे ठसे उमटवितात, अशी नोंद केली आहे. धम्मवचनाची प्रत वाढविणे हे पुण्यकर्म होय, ही धारणा या सर्व प्रथांच्या मुळाशी होती.

हीच धारणा पूर्व आशियात गेली आणि तेथे कागदाशी तिचा संयोग झाला. जपानमध्ये आठव्या शतकात सम्राज्ञी शोतोकू हिच्या आज्ञेने छापील धारणी लहान लाकडी स्तूपांत ठेवून विहारांना वाटण्यात आल्या. चीनमध्ये इ. स. ८६८ मध्ये वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्राची लाकडी ठशांवरून छापलेली प्रत तयार झाली. तुन-हुआंगच्या गुंफेत सापडलेली आणि आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात असलेली ही गुंडाळी, मुद्रणाची तारीख नोंदविलेला जगातील सर्वांत जुना उपलब्ध संपूर्ण ग्रंथ मानली जाते. तिच्या आरंभी जेतवनातील बुद्ध आणि त्यांच्यापुढे हात जोडून बसलेले सुभूती यांचे चित्र आहे. चित्र, अक्षर आणि मोकळी जागा यांची तेथील मांडणी इतकी परिपक्व आहे की, त्यामागे अनेक पिढ्यांचा सराव असला पाहिजे. अखेरीस वांग चिये नावाच्या गृहस्थाने आपल्या मातापित्यांच्या नावे ही प्रत विनामूल्य वाटण्यासाठी तयार करविली, असे नमूद आहे. ज्या प्राचीन मुद्रित ग्रंथाचा आपण अभिमान बाळगतो, तो विक्रीसाठी नव्हे, तर दानासाठी छापला गेला होता.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. मजकूर प्रथम पातळ कागदावर कुंचल्याने लिहीत. तो कागद लाकडी फळीवर उलटा चिकटवीत आणि अक्षराभोवतीचे लाकूड कोरून काढीत. मग उंचावलेल्या अक्षरांवर शाई लावून वर कागद अंथरीत आणि मागून ब्रशाने घासून ठसा घेत. कोरियातील हेइन्सा विहारात त्रिपिटकाच्या अशा ८१,२५८ फळ्या सुरक्षित आहेत. मंगोल आक्रमणात १२३२ साली पहिला संच जळाला, म्हणून तेराव्या शतकात हा दुसरा संच पुन्हा कोरण्यात आला. जळालेले धम्मवचन पुन्हा कोरणाऱ्या त्या बहुसंख्य हातांची नावे आज कोणी घेत नाही.

मग ज्या देशातून ही धारणा गेली, त्या देशात ग्रंथमुद्रण का रुजले नाही? कारणे एकाहून अधिक आहेत. येथे ग्रंथ ताडपत्रावर व भूर्जपत्रावर लिहिले जात. अरुंद ताडपत्र लाकडी ठशाला सोयीचे नसते. कागदाचा सर्रास वापर बराच उशिरा सुरू झाला, आणि तोपर्यंत बाराव्या शतकाच्या अखेरीच्या आघाताने महाविहारे उद्ध्वस्त झाली होती. तिसरे कारण सामाजिक आहे. कापडावर ठसे उमटविणारे छिपे व रंगारी, धातूवर कोरणारे तांबट येथे होतेच. परंतु ज्यांच्या हाती कोरण्याचे कौशल्य होते त्यांना शास्त्राच्या अक्षराचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना तो अधिकार होता त्यांना प्रती वाढविण्याची निकड नव्हती.

मराठी मुलखातील आरंभीच्या छपाईत ही विसंगती स्पष्ट दिसते. १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. कोरणारा तांबट होता. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर पंचांग काढले. छापील ग्रंथाच्या शाईत चरबी असल्याच्या संशयाने त्याला हात न लावणाऱ्यांसाठी त्यांनी शाईत तूप वापरले, असे सांगितले जाते. यंत्र नवे होते. विटाळाची कल्पना जुनीच होती.

या यंत्राचा खरा उपयोग ज्यांना अक्षर नाकारले होते त्यांनी केला. महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली छापली गेली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केले. विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना उभारून १९१० पासून पत्रे चालविली. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात घेतली नव्हती. लिहिता येणे पुरेसे नाही, छापण्याचे साधन आपल्या हाती असले पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. पुढे ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही वाटचाल झाली. ती केवळ संपादकांची नव्हे. खिळे जुळविणारे जुळारी, यंत्र ओढणारे कामगार आणि अंक खांद्यावरून गावोगाव नेणारे कार्यकर्ते यांचीही आहे. दादरच्या आंबेडकर भवनातील बुद्धभूषण छापखान्याची वास्तू २५ जून २०१६ रोजी पाडण्यात आली, तेव्हा समाजाला जे दुःख झाले ते विटा-चुन्यापुरते नव्हते.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकांना मुद्रणाचा आणखी एक चेहरा जवळून माहीत आहे. हा बिडी उद्योगाचा मुलूख. तेंदूपत्ता, तंबाखू आणि घराच्या ओसरीत बिड्या वळणारे हात यांवर तो उभा राहिला. प्रत्येक बंडलावर रंगीत कागदी लेबल असे. वाचता न येणारे गिऱ्हाईकही त्यावरील चित्रावरून आपली बिडी ओळखी. मालकाचे नाव आणि छाप त्या लेबलावर ठळकपणे येत. वळणाऱ्याचे नाव कधीच येत नसे. ग्राफिक कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अशा लेबलांचे सौंदर्य जरूर पाहावे, पण त्यातून काय गळले आहे हेही पाहावे.

येथेच आपल्यासमोरचे कार्य स्पष्ट होते. १९५४ साली भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्या काळातील हस्तपत्रके, वंदनेच्या पुस्तिका, जयंतीची निमंत्रणे, दिनदर्शिका हे आपल्या इतिहासाचे प्रथम दर्जाचे पुरावे होत. १८६७ च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले होते. म्हणून पत्रकाच्या तळाची ती बारीक ओळ अभ्यासकाला फार काही सांगते : छापखाना कोणत्या गावचा, मजकूर किती दूरून छापून आणावा लागला, आपल्या वस्तीजवळ मुद्रक केव्हा मिळू लागला. खिळ्यांचे छापखाने आता ऑफसेट आणि संगणकापुढे मागे पडले. जुने खिळे भंगारात, लाकडी ठसे चुलीत गेले. कागद तेवढा कोठे पेटीत, कोठे तसबिरीमागे उरला आहे.

तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या प्रत्येक विहाराने एक पेटी या कागदांसाठी राखावी. कागद चिकटवू नये, त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवू नये; सपाट व कोरडा ठेवावा, आणि तो कोणाच्या घरून, केव्हा मिळाला हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. जुळारी म्हणून काम केलेली जी वृद्ध मंडळी आज हयात आहेत, त्यांच्याकडून कामाची माहिती लिहून घ्यावी आणि त्यांची नावे नोंदवावीत. वांग चियेचे नाव अकराशेहून अधिक वर्षे टिकले, कारण कोणीतरी ते फळीवर कोरले होते. आपल्या मुद्रकांची नावे टिकवावयाची असतील, तर ती लिहिण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.