क्रमवार नोंदींतील शोध

क्रमाने लावलेल्या नोंदींची यादी मधोमध विभागत हवी ती नोंद गाठण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. १९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमधील व्याख्यानमालेत जॉन मॉकली यांनी ती मांडली. दर तुलनेला उरलेली निम्मी यादी बाद होत असल्यामुळे दहा लाख नोंदींसाठीही सुमारे २० तुलना पुरतात. या शोधाचा प्रोग्रॅम बिनचूक लिहिणे मात्र दिसते तितके सोपे नाही. जावा भाषेसोबत येणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मधला क्रमांक काढताना होणारी बेरीज फार मोठ्या यादीत पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जात असे, आणि ही चूक जोशुआ ब्लॉक यांनी थेट २००६ साली जाहीर केली.

यादीची खरी अडचण नवी नोंद घालताना येते, कारण तिला जागा करून देण्यासाठी पुढच्या साऱ्या नोंदी सरकवाव्या लागतात. म्हणून १९६०च्या सुमारास द्विभाजी वृक्ष पुढे आला. त्यात प्रत्येक नोंदीच्या डावीकडे लहान खुणेच्या नोंदी असतात आणि उजवीकडे मोठ्या खुणेच्या. खूण म्हणजे प्रोग्रॅमर जिला ‘की’ म्हणतात ती. पण नोंदी आधीच क्रमाने येत गेल्या, तर हा वृक्ष एकाच बाजूला वाढतो आणि शोध पुन्हा एकेक नोंद पाहण्यावर येतो. १९६२ साली सोव्हिएत संघातील गिओर्गी अडेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांदिस यांनी यावर उपाय शोधला. कोणत्याही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या उंचीत एकाहून अधिक फरक पडला, की फांद्या फिरवून तोल सावरायचा. पुढे रुडॉल्फ बायर यांनी १९७२ साली मांडलेल्या रचनेला लिओनिदास गिबास आणि रॉबर्ट सेजविक यांनी १९७८ मध्ये लाल-काळ्या वृक्षाचे रूप दिले. त्याचा तोल थोडा सैल असतो, पण भर घालताना आणि नोंद काढताना फेरफार कमी करावे लागतात.

अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी एचपी कंपनीत घडवलेला टेम्प्लेट संग्रह १९९४ साली सी++ च्या प्रमाणक समितीने स्वीकारला. त्यातील, प्रत्येक खुणेसोबत तिचे मूल्य ठेवणारा ‘मॅप’ बहुधा लाल-काळ्या वृक्षावरच उभा असतो. प्रमाणकात वृक्षाचे नाव नाही. शोधाचा वेळ नोंदींच्या संख्येच्या लॉगरिथमच्या प्रमाणातच वाढावा, एवढी अट आहे. ‘लहान आहे का’ हा एकच प्रश्न विचारून हा मॅप सगळे ठरवतो. दोन खुणांपैकी कोणतीच दुसरीपेक्षा लहान नसेल, तर त्या समान मानल्या जातात.

मॅपमध्ये शोध घेणाऱ्या ‘फाइंड’ला नोंद सापडली नाही, तर उत्तर म्हणून मॅपचा शेवट मिळतो. चौकटी कंसाने शोध घेतला, तर मात्र नसलेली खूण रिकाम्या मूल्यासह आत शिरते. नुसते पाहायला गेलेला प्रोग्रॅम अशा रीतीने साठा बदलून बसतो, आणि ही सोय फार महागात पडणारी आहे. भर न घालणारे ‘ॲट’ २०११च्या प्रमाणकात आले. त्याच वर्षी हॅशवर चालणारे मॅपही प्रमाणकात दाखल झाले. नुसती एक नोंद गाठायची असेल, तर ते सरासरीने अधिक वेगवान असतात.

तरीही क्रमवार मॅप टिकला, आणि त्याचे मोठे श्रेय ‘लोअर बाउंड’ला द्यायला हवे. दिलेल्या खुणेपेक्षा लहान नसलेली पहिली नोंद ते दाखवते, त्यामुळे खूण साठ्यात नसली तरी शोध वाया जात नाही. सकाळी ९:१० ची किंवा त्यानंतरची पहिली गाडी किंवा ठरावीक रकमेला लागू होणारा कराचा टप्पा शोधायचा असतो, तेव्हा नेमकी तीच खूण साठ्यात असतेच असे नाही. क्रम विस्कटून टाकणाऱ्या हॅशकडे अशा प्रश्नाला सरळ उत्तर नसते.

२०१४ च्या प्रमाणकाने खुणेच्या जागी तिच्याशी तुलना करता येईल अशी दुसऱ्या प्रकारची वस्तू देऊनही शोध घेण्याची मुभा दिली, म्हणजे केवळ शोधासाठी तात्पुरती मजकूर-वस्तू बनवण्याचा खर्च टळला. नोंद आहे की नाही एवढेच सांगणारे ‘कंटेन्स’ २०२० साली आले. २०२३ च्या प्रमाणकातील ‘फ्लॅट मॅप’ने खुणा पुन्हा सलग, क्रमवार यादीत ठेवल्या. आजच्या प्रोसेसरला शेजारी-शेजारी असलेली स्मृती वाचणे स्वस्त पडते. त्यामुळे भर क्वचित आणि शोध वारंवार असेल, तिथे मॉकलींच्या काळातील यादीच बऱ्याचदा वृक्षापेक्षा सरस ठरते.