पितळी पातेलें आणि बालकांचें यकृत



परभणीच्या काय किंवा पुण्याच्या काय, जुन्या स्वयंपाकघरांत फळीवर चकाकणारीं तांब्यापितळेचीं भांडीं हें गृहिणीचें भूषण असे. त्याच भांड्यांशीं आपल्या देशांतील एका बालरोगाचा इतिहास जडलेला आहे, आणि यकृत स्वतःला कसें सांवरतें याचा पुरावाही त्याच इतिहासांत सांपडतो.

१९३१ मध्यें अमेरिकेंत हिगिन्स व अँडरसन या संशोधकांनीं उंदरांच्या यकृताचा सुमारें दोनतृतीयांश भाग कापून काढला. कांहीं आठवड्यांतच उरलेला भाग वाढून यकृत जवळजवळ पूर्ववत् वजनाचें झालें. कापलेला तुकडा पुन्हां फुटत नाहीं. राहिलेल्या पेशीच वाढून उणीव भरून काढतात. मात्र आघात रोजचाच झाला, तर यकृतांत तंतुमय वण माजतो आणि तें कठीण होतें.

१८८७ मध्यें कलकत्त्यास सेन यांनीं लहान मुलांच्या अशा विकाराची नोंद केली. बहुधा सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलाचें पोट फुगे, यकृत हाताला टणक लागे, कावीळ होई, आणि बहुतेक मुलें हातचीं जात. एकाच घरांत एकामागून एक भावंडें दगावत. म्हणून दोष कुळाच्या रक्तांतच असावा, असा तर्क पुष्कळ दिवस चालला.

पुढें या मुलांच्या यकृतांत तांब्याचा अतोनात सांठा आढळला. तेव्हां पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनीं ब्रिटिश वैद्य डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह एक साधा प्रश्न हातीं घेतला: मूल कोणतें दूध पितें, आणि तें कशांत तापवितात? १९८३ मध्यें त्यांचें अनुमान प्रसिद्ध झालें. या मुलांना फार लौकर वरचें दूध सुरू झालें होतें, व तें पितळी भांड्यांत तापविलें किंवा ठेविलें जाई. कल्हई नसलेल्या भांड्यांतील तांबें दुधांत उतरतें, आणि तान्ह्या यकृताला तें पित्तावाटें बाहेर टाकणें झेपत नाहीं. ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांतांतही असाच रोग होता. तेथेंही तांब्याचीं बिनकल्हईचीं भांडीं गेलीं आणि रोग ओसरला. आनुवंशिकतेचा कांहीं वांटा असेलही. परंतु भांडें बदलणें आपल्या हातीं होतें.

पुण्याच्याच वैद्यांनीं तांबें लघवीवाटें काढणारें पेनिसिलॅमीन हें औषध या मुलांना दिलें. ज्यांचा रोग फार पुढें गेला होता, त्यांना तें तारूं शकलें नाहीं. परंतु जीं मुलें वांचलीं, त्यांच्या यकृताचे तुकडे वर्षानुवर्षें तपासले, तेव्हां वण हळूहळू विरत जाऊन यकृत जवळजवळ निरोगी झाल्याचें दिसलें. हा अहवाल १९९६ चा. आघात वेळींच थांबला, तर एवढें कठीण झालेलें यकृतही सांवरतें, हें त्यांतून सिद्ध झालें. आतां स्टीलचीं भांडीं आलीं, आणि हा रोग दुर्मिळ झाला आहे.

म्हणून पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचें दूध द्यावें. दूध, ताक वा आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यांत ठेवूं नयेत. कावीळ 'ब'ची लस जन्मतःच टोंचवावी. पाणी शुद्ध प्यावें. मोठ्यांनीं मद्य वर्ज्य करावें, वजन आटोक्यांत ठेवावें आणि वैद्याला विचारल्यावांचून औषधें घेऊं नयेत. यकृताची दुरुस्ती यकृतच करतें. त्याला तेवढी सवड देणें आपल्या हातीं आहे.