बुल्गाकोव्हची रोजनिशी : अस्सल व नक्कल

रशियन ग्रंथकार मिखाईल बुल्गाकोव्ह (१८९१–१९४०) हा मूळचा कीव्हचा; पेशा वैद्याचा, तो सोडून लेखनांत पडला. ता. ७ मे १९२६ रोजीं गुप्त पोलिसांनीं मॉस्को येथील त्याच्या घराची झडती घेऊन रोजनिशीच्या वह्या व ‘श्वानहृदय’ या कथेच्या टंकलिखित प्रती नेल्या. वारंवार अर्ज केल्यावर वह्या परत मिळाल्या. त्या त्यानें स्वहस्तें जाळल्या. रोजनिशी नष्ट झाली, असाच पुढें समज राहिला. परंतु जप्ती करणारांनीं तिची नक्कल करून ठेविली होती. ती त्यांच्याच दप्तरांतून निघून १९९० च्या सुमारास छापली गेली.

शिष्य नक्कल करतो तेव्हां गुरूचे दोष झांकतो. येथें ती शंका नाहीं. मात्र नकलकारानें काय गाळलें, हें ताडून पाहण्यास वह्या उरल्या नाहींत.