मोगूबाई कुर्डीकर : विद्येची राखण

गोव्यांतील सांगे तालुक्यांत कुर्डी नांवाचें एक गांव होतें. साळावली नदीवर धरण झालें आणि १९८६ च्या सुमारास तें पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरलें म्हणजे घरांचीं जोतीं उघडीं पडतात, जुने रहिवासी तेथें जमून देवाचा उत्सव करतात, आणि पाऊस लागतांच सारें पुन्हां दिसेनासें होतें. गांव बुडालें, पण नांव बुडालें नाहीं. एका गायिकेनें तें आपल्या नांवाबरोबर फार पूर्वींच हिंदुस्थानभर नेलें होतें. त्या मोगूबाई कुर्डीकर होत.

मोगूबाईंचा जन्म १५ जुलै १९०४ रोजीं झाला. मुलीनें थोर गायिका व्हावें हा मातुश्री जयश्रीबाईंचा ध्यास होता. परंतु १९१४ सालीं त्या निवर्तल्या. मागें राहिली ती एक अल्पवयी पोर आणि आईची इच्छा. चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी व पुढें सातारकर स्त्री संगीत मंडळी अशा नाटकमंडळ्यांतून तिचें बाळपण गेलें. कलावंतांच्या कुळांत जन्मलेल्या मुलीस त्या काळीं प्रतिष्ठेचे मार्ग थोडे. विद्या हेंच तिचें धन. आणि तें धनही उस्तादांच्या मर्जीवर अवलंबून.

१९१९ च्या सुमारास ती सांगलीस होती. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यु उस्ताद अल्लादियाखांसाहेब औषधोपचारासाठीं तेथें आले होते. जातां-येतां या मुलीचा रियाज त्यांच्या कानीं पडला. ते आपण होऊन घरीं आले आणि शिकवूं लागले. पण हें भाग्य फार काळ टिकलें नाहीं. खांसाहेब मुंबईस गेले. मोगूबाईही मागोमाग गेल्या. परंतु तेथें ती तालीम पूर्ववत् सुरू होईना. मग आग्रा घराण्याचे बशीरखां व विलायत हुसेनखां यांजकडे कांहीं काळ, पुढें खांसाहेबांचे बंधु हैदरखां यांजकडे कांहीं वर्षें, अशी त्यांची विद्या तुटत-जोडत चालली. अखेर १९३४ सालीं खांसाहेबांनीं त्यांस रीतसर गंडा बांधला. सांगलीच्या त्या पहिल्या भेटीला तेव्हां सुमारें पंधरा वर्षें लोटलीं होतीं!

या पंधरा वर्षांचें मोल कळण्यास घराण्याच्या विद्येचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. बंदिशीचे शब्द व स्वर कागदावर उतरवितां येतात; पण खुला आकार, जोडरागांतील दोन रागांचा सांधा, आणि तालाच्या मात्रामात्रेशीं खेळत समेवर येणारी स्वरावली हीं गुरूसमोर बसूनच मिळतात. तेथें एक दार बंद झालें कीं विद्येचा एक भाग कायमचा अंतरतो. मोगूबाईंनीं कोठें दार ठोठावण्याचें सोडलें नाहीं, आणि मिळालेला कण सांडूं दिला नाहीं. त्यांच्या गायनांतील लयीचें निर्विवाद प्रभुत्व आणि संयम हीं या काटकसरीचींच फळें होत.

पतींच्या अकाली निधनानंतर तीन मुलांचा भार त्यांच्यावर आला. कन्या किशोरी आमोणकर (१९३२-२०१७) तंबोरा घेऊन आईच्या मागें बसत. स्थायी-अंतरा आई दोन-तीनदांच म्हणून दाखवी, तेवढ्यांत तो उचलावा लागे, असें किशोरीताई सांगत. मैफलीस बोलावणारे लोक आईस पुरेशा मानानें वागवीत नसत, हेंही त्या विसरल्या नाहींत. पुढें कलावंताच्या सन्मानाविषयीं त्यांनीं जो कडवा आग्रह धरला, त्याचें मूळ येथें आहे.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६८ मध्यें आणि पद्मभूषण १९७४ मध्यें, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर मोगूबाईंस लाभला. परंतु त्यांचा खरा सन्मान शिष्यांच्या कंठांत होता. कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर यांसारख्यांना त्यांनीं विद्या दिली. किशोरीताईंनीं तर घराण्याच्या चौकटीपलीकडे स्वतःची वाट काढली. ती काढण्याइतकी भक्कम जमीन आईनेंच त्यांच्या पायांखालीं घातली होती.

१० फेब्रुवारी २००१ रोजीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, मोगूबाईंनीं मुंबईंत देह ठेवला. ज्यांना विद्या तुकड्यातुकड्यांनीं मिळाली, त्यांनीं ती पुढच्या पिढीच्या हातीं अखंड दिली.