इंजिनातला बोल्ट जाम झालाय? पान्याला पाइप लावण्याआधी हे वाचा

सातारा/सांगली : उसाचा हंगाम सुरू आहे, पिकअप दारात उभी आहे आणि मॅनिफोल्डचा एक नट काही केल्या हलत नाही, असा प्रसंग गावोगावी गाडीवाल्यांवर येतो. मग कोणीतरी पान्याला पाइप लावतो, हिसका मारतो आणि बोल्ट मधूनच तुटतो. अर्ध्या तासाचं काम मग लेथवाल्याकडे जातं. हेडमध्ये तुटलेला बोल्ट काढण्यासाठी कधी अख्खं हेड उतरवावं लागतं. म्हणून जोर लावण्याआधी बोल्ट का अडलाय, ते बघावं.

बोल्ट का अडतो?

महाबळेश्वर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत भाग कोरडा, पण तिथं धूळ बारीक. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, २०२१ मध्येही पूर आला. पाण्यात बुडालेल्या गाडीचे आटे आतून गंजतात आणि ते वरून दिसत नाही. पोटॅशसारखी खतं वाहून नेणाऱ्या गाड्यांना क्षारामुळे गंज लवकर धरतो.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे आट्यांमधली फट भरून जाते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी बोल्ट असेल तर दोन वेगळ्या धातूंत ओल शिरून ते एकमेकांना धरतात. काही बोल्टना कंपनीतच आटे पकडणारा डिंकासारखा द्रव लावलेला असतो. त्यावर तेलाचा उपयोग नसतो, उष्णता लागते.

आधी तयारी

इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर किंवा दगडावर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा. डोळ्याला चष्मा हवाच, गंजाचे कण डोळ्यातच पडतात.

पाना मापाचाच घ्या. ८ मिमीच्या बोल्टचं डोकं जपानी घाटाच्या गाड्यांत बहुधा १२ चं, तर इतर बऱ्याच गाड्यांत १३ चं असतं. १२ वर १३ चा पाना लावला की कोपरे गेलेच. जुन्या जीपला इंची माप असतं, तिथं मिलिमीटरचा पाना 'बसल्यासारखा' वाटतो आणि घसरतो. अडलेल्या बोल्टला फिक्स पाना नको. सहा कोनी सॉकेट लावा, ते जमत नसेल तर रिंग पाना.

सोडवण्याचा क्रम

१. तारेच्या ब्रशने आटे आणि डोकं साफ करा.

२. गंज सोडवणारा स्प्रे मारा. स्प्रे नसेल तर डिझेलही चालतं, पण ते हळू काम करतं. रात्रभर मुरू द्या, मधे दोन-तीनदा परत मारा. इथंच घाई नडते.

३. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्या. त्या हादऱ्याने गंज तडकतो आणि तेल आत उतरतं.

४. आधी किंचित घट्ट करून बघा, मग सैल करा. थोडा हलला की परत आत, परत बाहेर, असं करत तेल देत काढा. एका दमात ओढू नका.

५. तरीही हलला नाही तर उष्णता. बोल्टपेक्षा त्याच्या भोवतीचा भाग तापवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड ढिली होते. मात्र पेट्रोलची नळी, वायर, रबर जवळ असेल तर गॅस पेटवू नका. आधी मारलेला स्प्रेही पुसून घ्या, तो पेट घेतो.

हात पोचत नसेल तर

एअर फिल्टरचा डबा, बॅटरीचा ट्रे काढला की बऱ्याच वेळा वाट मोकळी होते. दहा मिनिटं जातात, पण बोटं वाचतात. एक्स्टेन्शन सरळ बसेल असं बघा. युनिव्हर्सल जॉइंट जास्त वाकला की जोर वाया जातो आणि सॉकेट तिरकं होऊन डोकं गोल होतं. बोल्ट दिसत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा आत घालून बघा. खालून किंवा मागून हात घातला की दिशा उलटी वाटते, म्हणून बोल्टच्या डोक्याकडे समोरून बघतोय असं धरूनच दिशा ठरवा. काही गाड्यांच्या पंख्याला आणि जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, हेही ध्यानात ठेवा.

पाइपचा हिशोब

३० सेंटीमीटरच्या पान्यावर १५ किलोचा जोर दिला तर बोल्टवर सुमारे ४४ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. ८ मिमीचा साधा बोल्ट तेवढ्यातही तुटू शकतो. पाइप लावून पाना दुप्पट लांब केला तर तोच जोर ८८ वर जातो. मोठ्या, जाड बोल्टला पाइप चालतो, इंजिनावरच्या बारक्या बोल्टला नाही. पाना नेहमी स्वतःकडे ओढा. ढकलताना सुटला तर बोटं लोखंडावर आपटतात.

कुठं थांबायचं?

डोकं गोल झालं तर किंचित लहान सॉकेट ठोकून बसवता येतं. बोल्ट तुटून थोडा बाहेर असेल तर वेल्डिंगवाला त्यावर नट जोडून देतो, त्या उष्णतेनेही बोल्ट सुटतो. हेडच्या आत तुटला असेल तर स्वतः ड्रिल मारू नका. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, तो आत तुटला की ड्रिलही लागत नाही. डिझेल गाडीचा ग्लो प्लग आणि इंजेक्टर अडला तर पहिल्याच दिवशी जाणत्या मिस्त्रीला बोलवा.

परत बसवताना

आटे साफ करा, वाकलेला किंवा खाल्लेला बोल्ट बदला. सायलेन्सरकडच्या बोल्टला तांब्याचं ग्रीस लावा, पुढच्या वेळी त्रास वाचेल. पण आट्याला ग्रीस असलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, हे विसरू नका. हेडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळा. काही गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात.