पहिला घास

जुन्या करारात एका कौटुंबिक सोहळ्याची नोंद आहे. इसहाकाचे अंगावरचे दूध सुटले, त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. हन्नेनेही शमुवेलाचे दूध सुटेपर्यंत वार्षिक यात्रेला जाणे टाळले. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील वीरमाता आपल्या धाकट्याला तीन वर्षे दूध पाजल्याची आठवण करून देते. आपल्या महाराष्ट्रातही उष्टावणाची प्रथा आहे. मुलाचे सहाव्या वा आठव्या महिन्यात, मुलीचे पाचव्या वा सातव्या महिन्यात, असा तिचा परंपरागत संकेत. दुधापासून अन्नापर्यंतची ही वाटचाल सर्वत्र महत्त्वाची मानली गेली, कारण याच वाटेवर असंख्य बालके गळून पडत. त्या वाटेचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास प्रत्येक आईबापाने जाणून घ्यावा असा आहे.

अठराव्या शतकातील युरोपात बाळाला पाव पाण्यात वा दुधात शिजवून त्याची लापशी भरवीत. त्यासाठी होडीच्या आकाराची खास भांडी असत, पण ती नीट धुतली जात नसत. दूधही ताजे असेलच असे नव्हते. ज्या अर्भकांना आईचे दूध मिळत नसे, त्यांच्यापैकी फार थोडी जगत. लंडनच्या अनाथ बालकाश्रमाशी संबंधित डॉ. विल्यम कॅडोगन यांनी १७४८ साली बालसंगोपनावर निबंध लिहिला आणि आईने स्वतःच्या बाळाला स्वतः पाजावे, असा आग्रह धरला.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न रसायनशास्त्राने हाती घेतला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८६५च्या सुमारास गव्हाचे पीठ, गाईचे दूध आणि मोड आणलेल्या धान्याचे पीठ यांपासून अर्भकांसाठी पेय तयार केले. १८६७मध्ये स्वित्झर्लंडमधील व्हेवे या गावी हेन्री नेस्ले या औषधनिर्मात्याने दूध, गहू व साखर यांचे शिशुखाद्य बाजारात आणले. या मंडळींचा हेतू वाईट होता, असे म्हणता येत नाही. बालमृत्यू त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. पण बाळाचे अन्न आता डब्यात आले, आणि डबा म्हटला की त्याला गिऱ्हाईक हवे.

पुढची पायरी अमेरिकेत घडली. मिशिगन राज्यातील फ्रेमाँट या गावी डॅनियल गर्बर यांच्या कुटुंबाचा फळे-भाज्या डबाबंद करण्याचा कारखाना होता. १९२७ साली त्यांच्या पत्नी डोरोथी आपल्या तान्ह्या मुलीसाठी शिजवलेले वाटाणे हाताने घासून गाळीत असत. आपल्याकडे पुरण वाटणाऱ्या स्त्रीला या कामातील कष्ट सांगायला नकोत. हे काम कारखान्यातच का होऊ नये, असे त्यांनी पतीला सुचविले. १९२८मध्ये गाळलेले वाटाणे, गाजर, पालक असे डबे विक्रीस आले. एका आईची चाळणी अशी एका उद्योगाची जननी ठरली.

पण त्यानंतर जे झाले, त्याचा विचार करावयास हवा. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वर्षाच्या आतील बाळाला भाजी क्वचितच देत. १९५०च्या दशकात मात्र महिना-दोन महिन्यांच्या बाळाच्या तोंडीही चमचा लागू लागला. बाळाची भूक बदलली नव्हती, बदलला होता तो बाजार. डब्यात मीठ आणि साखर पडे. चव वाढविणारे मोनोसोडियम ग्लुटामेटही पडे, कारण चव पाहून डबा विकत घेणारी आई होती, बाळ नव्हे. टीका वाढल्यावर अमेरिकी कंपन्यांनी ते १९६९मध्ये बंद केले.

याच्या अगदी उलट दुःख आफ्रिकेत होते. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करीत होत्या. पाय सुजलेली, केस तांबूस झालेली, कातडी सोलवटलेली बालके त्यांच्याकडे येत. १९३३ साली त्यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५मध्ये त्याचे स्थानिक नाव जगापुढे ठेवले : क्वाशिऑर्कर. गा भाषेतील या शब्दाचा आशय असा, की धाकटे भावंड जन्मले म्हणजे थोरल्याला जडणारा आजार. आईच्या दुधावरून दूर झालेल्या त्या मुलाच्या वाट्याला मक्याच्या पेजेशिवाय जवळजवळ काहीच येत नव्हते. लक्षात घ्या, ही पेज घरचीच होती. केवळ घरचे म्हणून अन्न पुरेसे होत नाही, हा धडा या बाईंनी घालून दिला.

पुढे त्या सिंगापुरात गेल्या. तेथे साखर घातलेले आटीव दूध बाळांसाठी उत्तम म्हणून विकले जाई. १९३९मध्ये तेथील रोटरी क्लबपुढे त्यांनी भाषण केले, त्याचे शीर्षकच होते ‘दूध आणि खून’. अशा प्रचारामुळे होणारे बालमृत्यू हा खूनच समजावा, असे त्या निर्भयपणे म्हणाल्या.

जगाने ते ऐकण्यास चाळीस वर्षे लावली. यात आपल्या धर्मभगिनींचा वाटा आहे, तो विसरता कामा नये. अमेरिकेतील प्रेशस ब्लड संघाच्या भगिनींकडे ब्रिस्टल-मायर्स कंपनीचे काही समभाग होते. गरीब देशांत शिशुदुधाचा प्रचार कसा चालतो, याविषयी कंपनीने भागधारकांची दिशाभूल केली, असा दावा त्यांनी १९७६मध्ये दाखल केला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. त्यांनी अपील केले, आणि १९७८मध्ये समझोता झाला. मे १९८१मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते पडली, विरोधात केवळ एक, ते अमेरिकेचे. भारताने १९९२मध्ये कायदा केला, २००३मध्ये तो अधिक कडक केला, आणि दोन वर्षांखालील बालकांच्या अशा खाद्यांच्या जाहिरातींना मनाई झाली. पूरक अन्नाचे वयही त्यात चार महिन्यांऐवजी सहा महिने करण्यात आले. म्हणजे विज्ञान फिरून उष्टावणाच्या वयाजवळच आले.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. कोकणात नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात आणि त्या पिठाची लापशी बाळाला देतात. धान्याला मोड आला की त्यातील विकरे पिष्टाचे विघटन करतात. त्यामुळे लापशी घट्ट न होता सैल राहते. साध्या पिठाची लापशी सैल करण्यासाठी पाणी वाढवावे लागते आणि बाळाचे इवलेसे पोट पाण्यानेच भरते. मोडाच्या पिठाची लापशी सैल असूनही कसदार असते. बडोद्याच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात या गुणाचा पद्धतशीर अभ्यास केला. लीबिग यांनी आपल्या पेयात मोड आणलेले धान्य घातले, त्यामागेही हेच रसायनशास्त्र होते. प्रयोगशाळा आणि जाते येथे एकाच ठिकाणी पोहोचली.

तरीही आपल्या घरांत आजही भाताची निवळ किंवा वरणाचे वरचे पाणी प्रेमाने पाजले जाते. बाळ शांत होते, पण वाढत नाही. सहा महिने पुरे झाल्यावर आईच्या दुधातील लोह एकटे पुरत नाही. म्हणून अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवून, त्याच्या जोडीला चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट घास हवा : तांदूळ-मुगाचे खिमट, कुस्करलेली भाजी, केळे, पुढे अंड्याचा बलक किंवा काटे नीट काढलेली मासळी. हात आणि भांडी स्वच्छ हवीत. साखर-मीठ नको.

घास घरचा की डब्यातला, एवढाच प्रश्न या इतिहासाने कधी विचारला नाही. तो करणाऱ्याची नजर बाळाकडे होती की गिऱ्हाइकाकडे, हे त्याने विचारले. डोरोथी गर्बर यांची चाळणी बाळाकडे पाहत होती, नंतरचा कारखाना आईच्या जिभेकडे. आपल्या घरातील वाटीनेही तेवढे विसरू नये. आजीने तिला असेच भरवले म्हणून नव्हे, तर समोरच्या बाळाला आज काय हवे हे पाहून ती भरावी.